वृद्धाश्रमांतील भोंडला

शहरांतील शाळांच्या वर्षाच्या कार्यक्रमांत अलीकडे एका नव्या प्रसंगाची भर पडली आहे. नवरात्राच्या सुमारास, दिवाळीच्या सुटीपूर्वीं अथवा १ ऑक्टोबरला शाळेची गाडी भरून मुलें वृद्धाश्रमांत जातात, तेथील रहिवाशांसमोर गाणीं म्हणतात, नाच करतात आणि दिवेलागणीपूर्वीं परत येतात. १ ऑक्टोबर हा दिवस वृद्धांचा म्हणून पाळावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघानें १९९० सालीं केला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जाऊं लागला. हेतु चांगला असतो, मुलांचा उत्साह खरा असतो, आणि आश्रमांतील मंडळीही त्यांचें अगत्यानें स्वागत करतात. तरीसुद्धां हा कार्यक्रम नेमका कोणासाठीं असतो आणि त्यांतून कोणाच्या पदरीं काय पडतें, हा प्रश्न शांतपणें विचारून पाहण्यासारखा आहे.

प्रश्न लहान वाटला तरी त्याचा व्याप लहान नाहीं. १९६१ च्या शिरगणतींत साठीच्या पुढील माणसांचें प्रमाण भारतांत शेंकडा ५.६ होतें; २०११ च्या शिरगणतींत तें शेंकडा ८.६ झालें, म्हणजे संख्येनें दहा कोटींहून अधिक. महाराष्ट्रांत तर तें शेंकडा ९.९ भरलें. यांतील बहुतेक माणसें घरींच राहतात, वृद्धाश्रमांत राहणारीं त्या मानानें थोडीं. परंतु आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीं २००७ सालीं जो कायदा झाला, त्यांत निराधार वृद्धांसाठीं प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक तरी आश्रम काढण्याची योजना आहे, यावरून ही गरज किती वाढली हें ध्यानांत येईल. पुण्याला तर ही संस्था नवीही नाहीं. डेव्हिड ससून यांच्या देणगींतून निघालेला, ‘निवारा’ या नांवानें पुणेकरांना ठाऊक असलेला आश्रम एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. तेव्हां वृद्धाश्रम असावा कीं नसावा, हा वाद बाजूस ठेवून, तो आहे आणि त्यांत माणसें राहतात, एवढें धरून चालणें बरें. त्या माणसांच्या दारीं मुलें गात आलीं, तर तीं कशीं यावींत, एवढाच येथील विषय आहे.

एकत्र कुटुंबाच्या घरांत असा मुद्दाम कार्यक्रम करण्याची वेळच येत नसे, असें पुष्कळदां सांगितलें जातें. त्यांत तथ्य आहे. श्रावणांत नव्या नवरीची मंगळागौर जागवली जाई, तेव्हां झिम्मा कसा घालावा, पिंग्याची चाल कोठें वळते, फुगडीला पाय कसे जुळवावे, हें दाखवणारी आजी घरांतच असे. आश्विनांत पाटावर हत्तीचें चित्र काढून त्याभोंवतीं मुली फेर धरीत, तेव्हां पुढची ओळ विसरली तर ती पडवींतून सुचवणारीही आजीच असे. गाणारे आणि ऐकणारे असे दोन पक्ष त्या अंगणांत नव्हते. जिला उभें राहवत नसे ती बसून टाळ्या वाजवी, एवढाच काय तो फरक.

मात्र जुन्या घराचें हें चित्र रंगवतांना त्याची काळोखी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच घरांत विधवेला मंगळागौरीच्या खेळांत स्थान नसे. हळदीकुंकवाच्या वेळीं तिनें समोर येऊं नये, अशी रीत होती. विशी-पंचविशींत पति गमावलेली बाई पुढें साठ वर्षें जगली, तरी मंगळागौरीचीं गाणीं तिनें माजघराच्या दारामागूनच ऐकावयाचीं. काळ बदलला आणि रीत पुष्कळ सैल झाली हें खरें. तरी जिनें आयुष्यभर मागें राहण्याची संवय लावून घेतली तिचें पाऊल आपण होऊन पुढें पडत नाहीं. आज वृद्धाश्रमांत राहणाऱ्या स्त्रियांत विधवांची संख्या साहजिकच मोठी असते. अशा एखाद्या बाईचा हात धरून दहा वर्षांची मुलगी ‘आजी, फेरांत या ना’ असें म्हणते, तेव्हां ती नकळत काय देऊं करीत आहे, याची कल्पना तिच्या शिक्षिकेला तरी असावयास हवी. ती निव्वळ करमणूक राहत नाहीं.

परंतु नेहमींच्या कार्यक्रमांत हा हात पुढें होण्याचा प्रसंगच येत नाहीं. तो कार्यक्रम कसा असतो, हें श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. मुलें चारला येणार म्हणून साडेतीनलाच सर्वांना दिवाणखान्यांत आणून ओळीनें बसवलेलें असतें. दुपारीं आडवें झाल्याखेरीज ज्यांना बरें वाटत नाहीं तेही बसलेले असतात. गाडी रहदारींत अडकते आणि साडेचार वाजतात. मग स्वागत, परिचय आणि पाहुण्यांचें भाषण होतें. मुलांनीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं जें बसवलेलें असतें तेंच येथें पुन्हां होतें. नाचाचें गीत ध्वनिमुद्रित असतें आणि तें मोठ्या ध्वनिक्षेपकावर लावलें जातें. शेवटीं प्रत्येक मुलाच्या हातीं एक केळें किंवा बिस्किटांचा पुडा देऊन तो आजीआजोबांना द्यावयास सांगतात, आणि देतांना क्षणभर तसेंच थांबावयास सांगतात, कारण छायाचित्र निघावयाचें असतें. साडेपांचला गाडी सुटते. ज्या हातांत केळें ठेवलें त्या हाताच्या धन्याचें नांव मुलाला शेवटपर्यंत कळलेलें नसतें.

यांत कोणी वाईट हेतूनें वागलें असें नाहीं. शिक्षिकेला साठ मुलें सांभाळून न्यावयाचीं असतात, आश्रमाच्या व्यवस्थापकाला चहाची आणि औषधांची वेळ गांठावयाची असते. उणीव आहे ती कल्पनेंत. वृद्धांना कांहीं नेऊन द्यावयाचें आहे, आणि त्यांच्याकडून घेण्यासारखें कांहीं नाहीं, असें मनाशीं धरूनच सारी आंखणी झालेली असते. ती आंखणी बदलावयाची तर दोन साध्या गोष्टी आधीं समजून घ्याव्या लागतात: एक कानांची आणि एक स्मरणाची.

वय वाढतें तशा अंतःकर्णांतील केसांसारख्या सूक्ष्म पेशी झडत जातात, आणि उंच पट्टीचे नाद टिपणाऱ्या पेशी प्रथम झडतात. याचा परिणाम असा होतो कीं, बोलणें ऐकूं येतें, परंतु उमजत नाहीं. स, श, त, फ यांसारखीं व्यंजनें याच उंच नादांवरून ओळखूं येतात. तीं निसटलीं कीं स्वर पोंचतो आणि शब्द हरवतो. लहान मुलांचा आवाज मुळांतच उंच, त्यांत तीं घाईनें गातात. बरें, आवाज मोठा केल्यानें हें न्यून भरून येतें असेंही नाहीं. अशा कानांना हळू नाद ऐकूं येत नाहीं आणि थोडा वाढवला कीं तोच एकदम असह्य होतो. ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांची अडचण वेगळी: यंत्र गाण्याबरोबर खुर्च्यांची खडखड आणि पंख्याची घरघरही वाढवून देतें. म्हणून कित्येक वृद्ध पहिल्याच नाचाच्या वेळीं यंत्र काढून खिशांत ठेवतात आणि उरलेला कार्यक्रम नुसता पाहतात. मुलांना वाटतें, आजोबांना गाणें आवडलें नाहीं.

यावरचे उपाय खर्चाचे नाहींत. ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. मुलांनीं व्यासपीठावर न चढतां समोर तीन-चार हातांवर उभें राहावें. खिडकी पाठीशीं घेतली तर चेहरे काळोखांत जातात. तेव्हां उजेड मुलांच्या तोंडावर पडेल असें उभें राहावें, म्हणजे ओंठांच्या हालचालीवरून शब्द ओळखतां येतात. पेटीचा सूर एक-दोन पट्ट्यांनीं खालीं घ्यावा आणि लय सावकाश ठेवावी. गाणें सुरू होण्यापूर्वीं त्याचें नांव स्पष्ट सांगावें. नांव कळलें कीं ओळखीचे शब्द मन आपोआप भरून काढतें. आणि आर्धें पाऊण तास झाला कीं थांबावें. ऐंशीच्या घरांतील माणसाला दोन तास खुर्चींत ताठ बसणें किती कठीण जातें, हें तरुण माणसाला सांगूनच कळतें.

स्मरणाची गोष्ट याहून नाजूक आहे. माणसाच्या आठवणींत सर्व वर्षांचा वांटा सारखा नसतो. साधारण दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी उतारवयांत सर्वांत दाट उरतात, असें मानसशास्त्रज्ञांना पुनःपुन्हां आढळून आलें आहे, आणि त्या काळांत कानांवर पडलेलीं गाणीं त्याच ठेव्यांत असतात. म्हणून वृद्धांसमोर काय गावें याचा हिशेब त्यांच्या जन्मसालावरून करावा लागतो. वृद्ध म्हटले कीं बालगंधर्वांचीं पदें, असा एक ढोबळ समज आहे. परंतु ‘मानापमान’ १९११ सालीं आणि ‘स्वयंवर’ १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या मंडळींनीं तीं पदें वडिलांच्या गुणगुणण्यांतून ऐकलीं. त्यांच्या स्वतःच्या बालपणाचें धन निराळें आहे. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीनें ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक गीत याप्रमाणें वर्षभर प्रसृत केलें. ग. दि. माडगूळकरांचीं तीं छप्पन्न गीतें सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलीं. त्या काळीं घरोघर रेडिओ नव्हता. ज्याच्या घरीं असे त्याच्याकडे शेजारपाजार जमे. १९४५ च्या सुमारास जन्मलेली मुलगी तेव्हां दहा वर्षांची होती. तिच्यासमोर आज दहा वर्षांच्या मुलानें त्यांतील एक गीत, थोडें चुकत का होईना, म्हटलें, तर तिला गाण्याबरोबर तें शेजारचें घर, ती सतरंजी, तेथें जमलेलीं माणसें हीं सारीं आठवूं लागतात.

स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांत तर याचा प्रत्यय फार उत्कट येतो. दीर्घ काळ परिचित असलेल्या संगीताच्या स्मरणाशीं मेंदूचे जे भाग निगडित आहेत, ते अल्झायमरच्या रोगांत इतर भागांच्या मानानें पुष्कळ कमी झिजतात, असें जर्मनींतील लाइप्झिग येथील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखवलें. गाण्यानें रोग बरा होतो, असा याचा अर्थ नाहीं. परंतु मुलाचें नांवही ज्यांना धड सांगतां येत नाहीं अशीं माणसें लहानपणीं पाठ केलेली आरती अथवा अभंग सुरापासून शेवटपर्यंत म्हणून जातात, हें अशा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या नित्य अनुभवाचें आहे. शेजारीं बसलेल्या मुलाला त्यांच्याशीं बोलतां येत नाहीं, पण त्यांच्याबरोबर म्हणतां येतें. तेवढा वेळ दोघेही एकाच ठिकाणीं असतात.

या दोन्ही गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे वृद्धाश्रमासाठीं भोंडल्याइतका सोयीचा कार्यक्रम दुसरा क्वचितच असेल. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तो चालतो. पश्चिम महाराष्ट्रांत त्याला कोठें भोंडला तर कोठें हादगा म्हणतात. विदर्भांत आणि खानदेशांत भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाईचीं गाणीं होतात. तेव्हां निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या स्त्रिया एका आश्रमांत राहत असल्या तरी बहुतेकींना यांतलें कांहीं ना कांहीं ठाऊक असतें. गाण्यांची लय संथ, शब्द साधे, ओळी पुनःपुन्हां येणाऱ्या. वाद्य लागत नाहीं, व्यासपीठ लागत नाहीं, वेषभूषा लागत नाहीं. मध्यें पाट आणि त्यावर हत्ती असला कीं अंगण तयार झालें. फेर सावकाश फिरतो. काठी घेतलेली आजी त्यांत चालूं शकते, आणि चाकांच्या खुर्चीला मागून मुलीनें हात लावला कीं तीही फेरांत येते. जिला अंथरुणांतून उठतांच येत नाहीं तिच्या खाटेभोंवतीं फेर धरावयास कोणती आडकाठी आहे?

अशा भोंडल्यांत एक गोष्ट हटकून घडते. मुली शाळेंत शिकवलेलें गाणें म्हणूं लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला एखादी आजी हात वर करून त्यांना थांबवते. ‘असें नाहीं बरें तें,’ असें म्हणून ती आपली ओळ सांगते. तिच्या शेजारची दुसरी म्हणते, ‘आमच्याकडे सातारला हें नांवच नाहीं, आम्ही वेगळें म्हणत असूं.’ तिसरी कोंकणची असते, तिच्या तोंडीं आणखी एक कडवें असतें. क्षणांत वादाला रंग चढतो. ज्या बायका महिनोन्‌महिने एकमेकींशीं ‘जेवण झालें का’ यापलीकडे बोललेल्या नसतात, त्या सासरच्या द्वाड माणसांविषयींच्या त्या गाण्यांवरून तावातावानें बोलूं लागतात आणि मग हंसूं लागतात. मुली आ वासून ऐकत असतात. गाणें थांबल्याबद्दल कोणतीही शिक्षिका अशा वेळीं अस्वस्थ होऊं नये. कार्यक्रम बिघडला असें तिला वाटेल. पण खरें पाहतां तो येथेंच सुरू झालेला असतो. तिनें मुलींना वह्या काढावयास सांगाव्यात आणि तीं कडवीं उतरून घ्यावयास लावावींत.

तीं उतरून घेण्याजोगीं आहेत, याविषयीं शंका नको. अशिक्षित बायकांच्या ओव्या मोलाच्या आहेत हें ओळखून साने गुरुजींनीं त्या गोळा केल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नांवानें प्रसिद्ध केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्य समितीच्या द्वारां लोकगीतांचे संग्रह काढले. पुढें गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. या सर्वांनीं केलें काय, तर वयस्क बायकांपाशीं बसून ‘तुम्हांला काय येतें तें सांगा’ असें विचारलें. तेंच काम एका वर्गाला, एका दुपारीं, आपल्या शहराच्या टोंकाशीं असलेल्या आश्रमांत थोड्या प्रमाणांत करतां येतें. तें आज झालें नाहीं तर पुढें होणार नाहीं, कारण जातें घरांतून गेलें आहे, अंगण गेलें आहे, आणि गाणीं ज्यांच्या ध्यानांत आहेत त्यांच्या हातीं वर्षें थोडीं आहेत.

खिरापत ओळखण्याचा खेळ तर दोन्ही वयांना सारखाच आवडतो. डबा बंद ठेवून आंत काय आहे तें ओळखावयाचें. डबा मुलींनीं आणावा आणि ओळखण्याचें काम आजींकडे द्यावें. गोड कीं तिखट, तळलेलें कीं भाजलेलें, असे मुद्देसूद प्रश्न विचारीत त्या ज्या चतुराईनें पदार्थापर्यंत पोंचतात, ती पाहून मुलींना त्यांच्याविषयीं जो आदर वाटतो तो भाषणांनीं वाटत नाहीं. मात्र पदार्थ निवडतांना दांतांचा आणि मधुमेहाचा विचार आधीं करावा. चकली, कडक लाडू यांपेक्षां वाटली डाळ बरी.

आश्रमांतील पुरुषांना यांत विसरूं नये. त्यांच्यापैकीं अनेकांनीं शाळेंत हलगीच्या तालावर लेझीम खेळलेली असते, कोणी लहानपणीं गणेशोत्सवांतील मेळ्यांतून गायिलेलें असतें, कोणाच्या घरीं दर एकादशीला भजन होत असे. लेझीम हातांत दिली तर बसल्या जागीं चार ठोके अचूक देणारे आजोबा निघतात. टाळ हातीं आला कीं अंग आपोआप सावरून बसतें. नुसता श्रोता म्हणून बसवलेला माणूस आणि हातांत टाळ असलेला माणूस यांच्या चेहऱ्यांतील फरक मुलांनाही दिसतो.

वृद्धांच्या निवासांत गाणें असावें, हा विचार एका थोर संगीतकारानें फार पूर्वीं करून ठेवला आहे, आणि तो येथें सांगण्यासारखा आहे. इटलीचा नाट्यसंगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यानें मिलान शहरीं वृद्ध आणि निर्धन गायक-वादकांसाठीं एक घर बांधलें. ज्यांना आपल्यासारखें दैव लाभलें नाहीं, अशा आपल्या व्यवसायबंधूंची ती सोय होती. इमारत १८९९ सालीं पुरी झाली. परंतु आपण जिवंत असेपर्यंत ती उघडूं नये, अशी त्याची इच्छा होती, कारण राहावयास आलेल्यांनीं आपले आभार मानावेत हें त्याला नको होतें. तो १९०१ सालीं वारला आणि १९०२ च्या ऑक्टोबरांत, त्याच्या जन्मदिवशीं, पहिलीं माणसें तेथें राहावयास आलीं. त्यांना आश्रित न म्हणतां पाहुणे म्हणावें, असा त्याचा कटाक्ष होता. आपल्या संगीतनाट्यांचें उत्पन्नही त्यानें त्या घराला लावून दिलें. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या घरांत संगीत शिकणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांनाही खोल्या दिल्या जाऊं लागल्या. एका दारामागें विशींतला विद्यार्थी सूर घोटतो आणि पलीकडच्या खोलींतून ऐंशींतील गायिका त्याचा श्वास कोठें चुकला तें येऊन सांगते. देणारा कोण आणि घेणारा कोण, हें तेथें वेगळें काढतां येत नाहीं.

प्रत्येक आश्रमांत गायक राहत नाहींत, हें उघड आहे. पण व्हेर्दीचा नियम कोठेंही लागूं पडतो. ज्याच्या घरीं जावयाचें त्याच्या पाहुणचाराची वाट मोकळी ठेवावी. आश्रमांतील मंडळींना मुलांसाठीं कांहीं करावयाचें असेल तर करूं द्यावें. कोणी वाती वळून देईल, कोणी कागदाचें पाखरूं करून देईल, कोणी मुलांच्या हातावर खडीसाखर ठेवील. ज्याला रोज सर्वच गोष्टी दुसऱ्याच्या हातून घ्याव्या लागतात, त्याला चिमूटभर खडीसाखर देण्याची संधि किती मोलाची वाटत असेल!

मुलांचीही तयारी करून न्यावें लागतें. कांपरे हात, औषधांचा वास, तोंडांतून ओघळणारी लाळ, एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारणारी आजी, हें सारें पहिल्यानें पाहणारें मूल बिचकतें, आणि तें बिचकणें स्वाभाविक आहे. त्याला दटावूं नये; आधीं सांगून ठेवावें. आजोबांनीं तेंच विचारलें तर तेंच उत्तर पुन्हां द्यावें, न कंटाळतां. वांकून, डोळ्यांसमोर येऊन बोलावें. पायां पडावें, पण त्याआधीं नांव विचारावें. ‘तुमचा मुलगा कोठें असतो?’ हा प्रश्न मात्र आपण होऊन विचारूं नये. आजीनें सांगितलें तर ऐकावें.

सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे पुन्हां जाणें. वर्षांतून एकदां येणारी मुलें कितीही गोड गायिलीं, तरी त्यांच्या मागें राहणारी संध्याकाळ नेहमींच्या संध्याकाळीपेक्षां अधिक रिकामी वाटते. अमेरिकेंत सिॲटल शहरीं १९९१ पासून एका वृद्धनिवासांतच बालवाडी चालवली जाते. तेथें मुलें आणि वृद्ध रोज एकमेकांना भेटतात. तेवढें सर्वत्र साधणार नाहीं. परंतु साठ मुलें एकदां नेण्यापेक्षां दहा मुलें सहा वेळां नेणें कोणत्याही शाळेला शक्य आहे. दुसऱ्या खेपेला मुलांना नांवें आठवतात. तिसऱ्या खेपेला आजी विचारतात, ‘मागच्या वेळीं शेंडीला रिबन बांधलेली ती कोठें आहे?’

आणि मग कधींतरी असें होतें कीं, मुलें जातात आणि एक खुर्ची रिकामी असते. गाणें दुरुस्त करणारी ती आजी दिसत नाहीं. शाळेंतील मोठ्या माणसांना या प्रसंगाची फार धास्ती असते. तो टळावा म्हणून कांहीं शाळा पुन्हां जाण्याचेंच टाळतात. वस्तुतः दहा वर्षांच्या मुलाला खरें सांगितलेलें समजतें. आजी गेल्या, असें त्याला साध्या शब्दांत सांगावें, वाईट वाटलें तर वाटूं द्यावें, आणि त्यांनीं सांगितलेलें कडवें त्या दिवशीं फेरांत म्हणावयास लावावें. घरांतील मृत्यूपासूनही ज्यांना आज दूर ठेवलें जातें त्या मुलांना शोक कसा करावा, हें शिकण्याची दुसरी जागा फारशी उरलेली नाहीं. शिवाय उरलेल्या मंडळींनाही त्यांत एक आश्वासन मिळतें. आपल्या मागें आपली ओळ कोणीतरी म्हणेल, हें त्यांना डोळ्यांनीं दिसतें.

येत्या आश्विनांत ज्या शाळा वृद्धाश्रमांत जाण्याचा बेत करतील, त्यांनीं निघण्यापूर्वीं आठ दिवस एका शिक्षिकेला तेथें पाठवून दोन प्रश्न विचारावेत: मंडळींना दुपारची कोणती वेळ बरी पडते, आणि त्यांना स्वतःला कोणतीं गाणीं येतात. ध्वनिक्षेपक शाळेंतच ठेवावा. पाट, हत्तीचें चित्र, वाटल्या डाळीचा डबा आणि कोऱ्या वह्या घ्याव्यात. निघतांना पुढची तारीख सांगूनच निघावें, आणि त्या तारखेला जावें.